शिक्का कुणाचा, नाणं कुणाचं?

पत्र:

काका, नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, वय ४७. १९९५ साली मामांनी दुबईहून फिलिप्सचा सीडी-आय प्लेअर आणला होता, टीव्हीला जोडून सीडीवरचे गेम नि सिनेमे चालवायचा. त्यावर आम्ही भावंडांनी सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवल्या. तो पुढे माझ्याकडे आला. सहा वर्षांपूर्वी दुरुस्त करून चालू केला, तेव्हा कळलं की हेच मशीन जगात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं निघालं होतं. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. आज घरात चौदा मशिनं आहेत. त्यांत मॅग्नाव्हॉक्सचा सीडी-आय आहे, गोल्डस्टार आणि पॅनासॉनिकचे थ्रीडीओ आहेत, हिताचीच्या नावाचा सॅटर्न आहे (हीसुद्धा टीव्हीवर गेम खेळायचीच मशिनं), आणि बाकी फिलिप्सचीच भावंडं.

आता मुंबईचे एक गृहस्थ ग्रुंडिगचा सीडी-आय ६८,००० रुपयांना देतो म्हणतात. ‘भारतात एकच पीस आहे’ म्हणतात. फोटो एकच पाठवलाय, समोरून. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं माझी दोन मशिनं उघडून शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, “बाबा, आत सगळं फिलिप्सच आहे. तुम्ही मशिनं नाही, स्टिकर जमवताय.” ते फार लागलं. बायकोला वाटतं एकेक मशीन दोन-तीन हजारांचं आहे. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दिवाळीनंतर आई सिन्नरहून कायमची आमच्याकडे येतेय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला जी खोली द्यायची, तिथंच माझे रॅक आहेत.

ग्रुंडिग घेऊ का? मुलगा म्हणतो ते खरं आहे का? आणि एक: मॅग्नाव्हॉक्स भाच्यानं अमेरिकेहून आणला, लावल्याबरोबर ‘फट्’ आवाज झाला, तेव्हापासून बंद आहे. त्याचं काय करू?

– नाव छापू नका

उत्तर:

तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा दाखवायला त्याला पांडवलेण्यावर घेऊन जा. तुमच्या गच्चीवरून तो डोंगर दिसतही असेल.

१९०६ साली आपल्या नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. १३,००० च्या वर नाणी, क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, आपला शिक्का पुन्हा ठोकलेला होता. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार गोळे. नाणी वितळवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. चांदी तीच, वजन तेच, वरून फक्त ठोसा. आणि ठोसाही घाईचा, त्यामुळे कित्येक नाण्यांवर टेकडीखालून नहपानाचं नाक डोकावतं, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात. लेण्यांत वर गेलात की तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, त्यात तिच्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला असं लिहिलंय. आणि त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख शाबूत आहेत. निःशेष म्हणे!

तुमच्या मुलाच्या हिशेबानं सातकर्णीनंही स्टिकरच लावला. पण त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी मंडळी आहेत, त्यांच्यापुढे हे वाक्य बोलून बघायला सांगा. नुसतं नहपानाचं नाणं एक गोष्ट सांगतं, ठोकलेलं नाणं दोन सांगतं. मात्र दोन्ही ठसे वाचता आले पाहिजेत. खालचा पुसला गेला असेल किंवा वरचा कुणाचा ते कळत नसेल, तर हातात राहते ती चांदी, तोळ्याच्या भावानं.

तुमच्या चौदा मशिनांना मी हीच फुटपट्टी लावणार आहे. पण आधी माझी एक कबुली.

मी स्वतः शिक्के मारलेले आहेत. १९९८-९९ चे दिवस आठवा. गल्लीत केबल, आणि शनिवारी रात्री भाड्यानं व्हीसीडी प्लेअर, सोबत दोन सिनेमांच्या चार-पाच सीड्या, कारण एका सीडीत साधारण ७४ मिनिटांच्या वर फारसं मावायचं नाही. हिंदी सिनेमा दोन सीड्यांत बसला तर नशीब, नाहीतर क्लायमॅक्स तिसरीत. रविवार कारंज्याच्या मागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. मी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचो: सीडीचा लोडर, एमपेग डिकोडरचं कार्ड, पॉवर सप्लाय आणि पत्र्याचा डबा. दीड तासात मशीन तयार. मग प्रश्न यायचा नावाचा. बिननावाचं मशीन गिऱ्हाईक हातात धरत नाही. म्हणून एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून चंदेरी स्टिकर छापून घेतले. नाव थोरल्या मुलीचं, फक्त शेवटी एक ‘को’ जोडला, म्हणजे जपानी वाटावं. चाळीस मशिनं विकली.

मागच्या वर्षी एक तरुण मुलगा माझा पत्ता शोधत आला. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात त्याला एक व्हीसीडी प्लेअर मिळाला होता. म्हणाला, “काका, हा फार दुर्मिळ जपानी ब्रँड दिसतोय. सगळीकडे शोधलं, कुठेच नाव सापडत नाही.” मी डबा उलटा केला. खाली माझ्या हातची पेन्सिलीची खूण! दुर्मिळ होताच तो, जगात चाळीसच झाले, त्यातले उरले असतील चार. मी त्याला चहा पाजला आणि खरं सांगितलं. चेहरा पडला बिचाऱ्याचा.

आता तुमच्या त्या मुंबईच्या गृहस्थांचं ‘भारतात एकच पीस’ पुन्हा वाचा. माझ्या मुलीच्या नावाचा प्लेअर त्याहून दुर्मिळ आहे. मी तो तुम्हाला ६८,००० ला देऊ का?

तर, फुटपट्टी. मशीन एकाचं आणि नाव दुसऱ्याचं का पडलं, हे सांगता येतं का? सीडी-आयच्या बाबतीत येतं, आणि छान येतं. फिलिप्स आणि सोनीनं १९८६ साली त्याचं मानक जाहीर केलं, ज्याला ग्रीन बुक म्हणतात. मशीन बाजारात यायला १९९१ उजाडलं. आत फिलिप्सचीच ६८०७० चिप, १ एमबी मेमरी, आणि ओएस-९ नावाच्या सॉफ्टवेअरवर बेतलेली प्रणाली. मानकाची गंमत अशी की ते एकट्याचं असून चालत नाही. दुकानात चार नावं दिसली तर लोकांना वाटतं, हे जगभर चाललेलं आहे. म्हणून फिलिप्सला सोबती हवे होते. ग्रुंडिग, गोल्डस्टार, क्योसेरा, मेमोरेक्स अशी नावं आली. सोनीनं हातात धरायचा, छोट्या पडद्याचा काढला. बँग अँड ओलुफसेननं तर टीव्हीच्याच पोटात बसवला. काहींनी स्वतः घडवला, काहींनी फिलिप्सचा उचलून नाव टाकलं.

यात मॅग्नाव्हॉक्सची कथा निराळी. अमेरिकेत फिलिप्सला आपलं नाव वापरायचीच चोरी होती. तिथं फिल्को नावाची जुनी रेडिओ कंपनी होती, आणि फिलिप्स-फिल्को कानाला सारखं लागतं म्हणून वाद. १९७४ मध्ये फिलिप्सनं मॅग्नाव्हॉक्स विकत घेतली आणि १९८१ मध्ये फिल्कोचं नावही आपल्याकडे आणलं, तेव्हा अडसर गेला. पण तोवर अमेरिकन घरांत मॅग्नाव्हॉक्स रुळलं होतं, ते कोण सोडतो? म्हणजे तुमच्या बंद पडलेल्या मशीनवरचा शिक्का हा एका जुन्या नावाच्या भांडणाचा उरलेला व्रण आहे. मुलाला हे सांगा. बोर्ड तोच, हे त्याचं निरीक्षण शंभर टक्के खरं. पण तो बोर्ड त्या डब्यात का गेला, हे बोर्ड उघडून कळत नाही.

हिताचीचा सॅटर्न तुमच्याकडे आहे म्हणता, मग तुमच्या रॅकवरची सगळ्यात बोलकी वस्तू तीच. सॅटर्न मूळचा सेगा या गेम कंपनीचा, आणि त्यात दोन एसएच-२ प्रोसेसर असतात, ते हिताचीचे. आतला माल पुरवणारा एक दिवस दारावर आपल्या नावाची पाटी लावतो, असा तो प्रकार. आणि नुसती पाटी नाही. हिताचीनं त्यात व्हिडिओ सीडीची सोय आधीपासून दिली, एका प्रकारात तर गाडीत रस्ता दाखवण्यासाठी जीपीएस घातलं. कुणाला हे खेळणं वाटेल, मला तो कारखान्याचा स्वाभिमान वाटतो.

याहून भारी उदाहरण म्हणजे पायोनियरचा लेझरअ‍ॅक्टिव्ह. तुमच्याकडे नाही, आणि हे वाचून लगेच शोधायला लागू नका. १९९३ चं ते मोठ्या लेझर डिस्कचं मशीन. पुढच्या खाचेत पॅक नावाचा ठोकळा सरकवायचा, सेगाचा घातला तर सेगाचे गेम चालायचे, एनईसी या दुसऱ्या जपानी कंपनीचा घातला तर एनईसीचे. बाजारात हे दोघे एकमेकांचे वैरी. आणि एनईसीनं तेच पायोनियरचं मशीन आपल्या नावानं विकलं, ज्यात सेगाचा ठोकळाही गुमान बसतो! आतून-बाहेरून तोच माल, म्हणजे तुमच्या मुलाच्या भाषेत निव्वळ स्टिकर. पण वैऱ्याचे गेम चालवणाऱ्या मशीनवर आपलं नाव. जोगलटेंभीच्या नाण्याचा सख्खा भाऊ तो.

थ्रीडीओचं गणित वेगळं, त्याला मी रिबॅज, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव, म्हणणारच नाही. थ्रीडीओ कंपनी मशीन बनवतच नव्हती. तिनं आराखडा केला आणि परवाने विकले. पॅनासॉनिकनं १९९३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आणला तो ६९९ डॉलरला. सानयोनं जपानपुरता काढला, गोल्डस्टारनं आपला, क्रिएटिव्हनं पीसीत बसणारं कार्डच केलं. प्रत्येकाची घडण आपापली. तुमचे गोल्डस्टार आणि पॅनासॉनिक मुलाला उघडू द्या. या वेळी त्याला आत एकच बोर्ड सापडणार नाही.

म्हणजे तुमच्या संग्रहात तीन निरनिराळ्या गोष्टी एका रॅकवर बसल्यात आणि तुम्ही त्यांना एकच नाव दिलंय. गोंधळ तिथून सुरू झालाय, ग्रुंडिगपासून नाही.

आता ग्रुंडिग. खोटा असेलच असं म्हणत नाही. ग्रुंडिगच्या नावाचा सीडी-आय होता, त्यामागचं कारणही सरळ आहे: १९८४ पासून पुढची बरीच वर्षं ग्रुंडिगचा कारभार फिलिप्सच्या हातात होता. घरच्याच दुसऱ्या दुकानात तोच माल ठेवावा तसं. पण नेमकं म्हणूनच जपायला हवं. साचा एक असला की समोरची पट्टी एका मशीनची काढून दुसऱ्याला बसते. मेलेल्या ग्रुंडिगचा चेहरा चालू फिलिप्सला लावायला मला स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरेल. समोरून काढलेल्या एका फोटोवर ६८,००० म्हणजे मुलीचा पासपोर्ट फोटो बघून साखरपुडा उरकण्यासारखं झालं.

त्या गृहस्थांना मागच्या बाजूचा फोटो मागा. तिथं पत्र्यावर लेबल असतं: मॉडेल, व्होल्टेज, सीरियल नंबर, कुठं बनला ते. पुढचं नाव आणि मागचं लेबल एकच बोलतात का ते बघा. लेबलाच्या कडा उचकटलेल्या, खाली जुन्या गोंदाची चौकट, किंवा लेबल वाकडं असेल, तर समजून जा. मशीन अमेरिकेचं असतं तर मागे एफसीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार खात्याचा, आयडी असता, त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून मान्यता कुणी घेतली ते, आणि बहुधा खरा बनवणारा कोण ते, निघतं. तुमच्या मॅग्नाव्हॉक्सवर ही परीक्षा आजच करून बघा, मजा येईल. मग झाकण उघडून बोर्डाचा फोटो. आयसींवर, म्हणजे चिपांवर, चार आकडी तारीख असते, ९३२७ म्हणजे १९९३ सालचा २७ वा आठवडा. सगळ्या मोठ्या चिपा साधारण त्याच काळातल्या हव्यात. एकट्या पॉवर सप्लायच्या बोर्डावरची तारीख दोन वर्षं पुढची निघाली तर दुरुस्ती झालीय, हरकत नाही. पण मुख्य बोर्डच लेबलापेक्षा नवा असेल तर दोन मशिनांचं एक केलेलं आहे.

आणि चालू आहे की नाही ते व्हिडिओत दाखवायला सांगा, पण नुसतं चालू करून नको. घड्याळ लावा म्हणावं, रात्रभर प्लग काढून ठेवा, सकाळी परत लावून घड्याळ दाखवा. सीडी-आयमध्ये २८ पायांचा एक जाडसर काळा ठोकळा असतो, टाइमकीपर. घड्याळ आणि ८ केबीची स्मरणशक्ती त्यात, आणि बॅटरीसुद्धा त्याच्याच पोटात ओतून बंद केलेली. तीस वर्षांत ती मरतेच. मेली की सेव्ह केलेलं उडतं, काही मशिनं तर धड सुरूही होत नाहीत. याचा उपाय आहे: ठोकळ्याची वरची बाजू जपून खरवडून मेलेली बॅटरी तोडायची आणि बाहेरून ३ व्होल्टचा बटण सेल जोडायचा. मी केलंय, घाम फुटतो पण जमतं. मुद्दा एवढाच, की ठोकळा मेलेला असेल तर किंमत ‘चालू कंडिशन’ची लागत नाही. तसंच मागच्या खाचेत डिजिटल व्हिडिओ कार्ट्रिज आहे का विचारा. ते नसेल तर व्हिडिओ सीडी दिसणार नाही, आणि ते सुटं मिळवायला जीव जातो.

‘अनटेस्टेड आहे, पण चालेल’ असं उत्तर आलं तर माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच होता: टेस्ट केलंय, चालत नाही.

समजा हे सगळं ठीक निघालं. तरी मी आत्ता घ्या म्हणणार नाही. कारण पत्रातलं मला खटकलेलं वाक्य ग्रुंडिगचं नाहीच. “तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” पत्र मी दोनदा वाचलं. मशिनांच्या किमती तुम्ही कुठंच लिहिलेल्या नाहीत, फक्त या एकाची लिहिलीय. मला वाटतं एकूण बेरीज तुम्हालाही माहीत नाही. माझीही नव्हती. मला व्हॉल्व्हच्या रेडिओंचा नाद होता, आणि आमच्या हिला बेरीज कळली ती एका बाहेरच्या माणसाकडून, लग्नाच्या पंगतीत, वाढपी मठ्ठा वाढत असताना. पुढचं सांगत नाही.

म्हणून एक जाड वही आणा. प्रत्येक मशीनला एक पान. कुणाकडून घेतलं, कधी, केवढ्याला, दुरुस्तीला किती गेले, मागच्या लेबलावर काय लिहिलंय, बोर्डावरच्या तारखा काय, चालू की बंद. आणि शेवटी दोन ओळी: हे नाव यावर का पडलं. बोर्डाचे फोटो आणि तारखा मुलाला काढू द्या. त्यानं दोन मशिनं उघडून शेजारी ठेवली ना, ती टिंगल नव्हती, तो अभ्यास होता. मुलांना बापाशी बोलायला असंच काहीतरी निमित्त लागतं. किमतीचा रकाना मात्र तुमच्या हातानं भरा. भरून झाला की वही वहिनींच्या हातात द्या, आणि ते आई यायच्या आत. वही भरताना बऱ्याच पानांवर शेवटच्या दोन ओळी तुम्हाला सुचणार नाहीत. ती मशिनं विकायची.

माझा अंदाज, फिलिप्सची ‘भावंडं’ म्हणता त्यांतली बहुतेक अशीच निघतील. मामांचा प्लेअर सोडून. त्याच्या पानावर लेबलाची गरज नाही. सुरळीत चालणारं मशीन घेणारे लोक आहेत, पण सगळी एकदम एकाच्या गळ्यात मारू नका, भाव पडतो. आणि भंगारवाल्याला तर बंद मशीनसुद्धा देऊ नका. लेन्स, लोडर, रिमोट, एकेक भाग कुणाच्या तरी कामाचा असतो. त्या पैशांतून ग्रुंडिग येत असेल आणि वहिनींना आकडा सांगून येत असेल, तर खुशाल आणा. तोवर गेला दुसऱ्या कुणाकडे, तर जाऊ दे. ‘एकच पीस’ दर सहा महिन्यांनी येतो.

खोली आईची. यात चर्चा नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रात्री उठून बाथरूमला जाताना वाटेत लोखंडी रॅक आणि वायरींचं जाळं नको.

उरलेली पाच-सहा मशिनं हॉलच्या कपाटात मावतील. माळ्यावर टाकू नका. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, स्लॅबखालच्या माळ्याचं तर विचारूच नका. बेल्ट चिकट होऊन डांबरासारखे होतात, कपॅसिटर फुगतात. पावसाळ्यात उलटं, लेन्सवर बुरशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं सगळ्यात वाईट, ओल आतच राहते. सुती कापड, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्याकाठी पंधरा मिनिटं चालू. थर्मोकोल ठेवायचा तर ठेवा, पण वायर त्याला टेकू देऊ नका. वायरीच्या प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य थर्मोकोल खातं आणि दोन वर्षांनी वायर त्यात रुतून बसलेली सापडते. रिमोटमधले सेल काढून ठेवा, हे सांगायला नको खरं तर, पण माझ्याकडे आलेल्या दर दहा रिमोटांतले सात याच कारणानं यायचे.

राहिला मॅग्नाव्हॉक्स. अमेरिकेत घरात वीज १२० व्होल्टची, आपली २३०. भाच्यानं बहुधा पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावला. त्यानं प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. ‘फट्’ म्हणजे घाबरू नका, पण पुन्हा लावून बघूही नका, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार तर मुळीच नको. बऱ्याचदा पहिल्या झटक्यात फ्यूज आणि पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेले एक-दोन भाग जातात आणि मागचा बोर्ड वाचतो. ते भाग महाग नाहीत. सप्लाय उघडताना मुलाला सांगा, मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट असतो, आधी तो रिकामा करायचा. तुम्ही मेंटेनन्सला आहात, तुम्हाला हे ठाऊक आहे, त्याला नसेल. दुरुस्त झालं की २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मशीनच्या लेबलावर जेवढे वॅट असतील त्याच्या दुप्पट तरी ताकदीचा. हिताचीला तो चालणार नाही. जपानची वीज १०० व्होल्टची, त्याला वेगळा लागेल, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरात आकडा लिहून ठेवा.

सप्लाय उघडून काही कळलं नाही तर बोर्डाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी, उजेडात काढलेला. समोरून नको.